ळ म्हणणारा आवाज

डोळखांबच्या पुढे डोंगराला लागून जो शेवटचा पाडा आहे, तिथे भगीरथ आगिवले राहतो. अगदी लहान असताना त्याला गोवर निघाला आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेला. आई रखमीने मन घट्ट करून त्याला अंधशाळेत ठेवलं. तिथून तो कॉलेजापर्यंत शिकला, कल्याणला संगणकाचं प्रशिक्षण घेतलं आणि मग सगळ्यांना वाटत होतं तसं शहरात न राहता पाड्यावर परत आला. इथे त्याला मनाजोगतं काम मिळालं होतं. पुण्याची एक संस्था डोंगरपाड्यांवरच्या बोलीचा शब्दकोश करत होती. पहिलीत बसणाऱ्या पोरांना पुस्तकातली मराठी परकी वाटते, तेव्हा त्यांच्या घरचेच शब्द आधी त्यांच्यासमोर ठेवावेत, असा त्यांचा बेत होता. संस्थेची माणसं म्हाताऱ्याकोताऱ्यांची बोलणी रेकॉर्ड करून आणत आणि ती ऐकून शब्द न् शब्द टाइप करायचं काम भगीरथकडे असे. घरची बोली, तयार कान आणि न बघता चालणारी बोटं, तिन्ही गोष्टी त्याच्यापाशी होत्या.

हे सगळं तो एका जुन्या लॅपटॉपवर करायचा. आसनगावचा अक्षय हा त्याचा कॉलेजातला मित्र. तो रोज कल्याणला एका ऑफिसात संगणकांची देखभाल करायला जातो. त्यानेच हा लॅपटॉप मिळवून त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टम बसवून दिली होती. पडद्यावर जे काही असेल ते स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम उचलायचा आणि एक मराठी आवाज ते भगीरथच्या कानात बोलायचा. हा आवाज कल्याणच्या प्रशिक्षणात एका सरांनी पेनड्राइव्हवरून टाकून दिला होता. सरांना तो कुणी दिला, हे सरांनाही आठवत नव्हतं. त्या भागातल्या अंध मुलांमध्ये तो असाच एकाकडून दुसऱ्याकडे फिरत आला होता.

आवाज तसा काही गोड नव्हता. नाक चोंदलेल्या माणसासारखा यायचा. रखमीच्या भावाचा मुलगा मंगळ्या सर्दी झाली की असाच बोलतो, म्हणून रखमीने पहिल्याच दिवशी त्याला मंगळ्या नाव ठेवलं आणि घरात तेच रुळलं. पण या मंगळ्याची एक खुबी होती. तो ळ नीट म्हणायचा. दुसरा कुठला हिंदी आवाज लावला की खळ्याचा खला व्हायचा, पळसाचा पलस व्हायचा, आणि आपण टाइप केलेलं बरोबर की चूक तेच भगीरथला समजायचं नाही. मंगळ्या मात्र ळ असा ठणठणीत म्हणायचा, की ऐकून समाधान वाटावं.

वैशाखात भगीरथचं लग्न झालं. काजल सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरची, मुरबाड तालुक्यातली. दहावी झालेली, कामाला चपळ, बोलायला मोकळी. सासरी आल्यावर तिला दिसलं, की नवरा सकाळी कानात वायर घालून ओटीवर बसतो तो जेवायलाच उठतो. तुमी काय करता, असं तिने एकदोनदा विचारलं. काम, असं तो म्हणाला. त्याच्या मनात तिला टाळायचं नव्हतं. आजवर कुणाला त्या कामाबद्दल सांगायची वेळच आली नव्हती, त्यामुळे सांगायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. मशीनला मात्र कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. एखादी वस्तू तसूभर सरकली तरी आंधळ्या माणसाला ती हरवल्यासारखीच असते. काजल काय समजायचं ते समजली आणि सासूबरोबर शेतावर जायला लागली. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. दोघांच्या मध्ये ती वायर होती एवढंच.

दिवाळी होऊन गेली, भात कापून झालं, आणि संस्थेची वेबसाइट भगीरथच्या मशीनवर उघडेनाशी झाली. तुझी सिस्टम जुनी झालीय, असं अक्षयने फोनवर सांगितलं. जुन्या व्हर्जनला आता कुणी विचारत नाही, अपग्रेड केल्याशिवाय सुटका नाही. भगीरथला धास्ती वाटली, पण इलाज नव्हता. शेजारच्या पाड्यावरच्या लखमाबाबाची रेकॉर्डिंगं त्याच्याकडे पडली होती. लखमाबाबा दिवसचे दिवस बसून बोलला होता, भाताची वाणं, रानातले कंद, पाखरं, वारे, सगळ्यांची नावं त्याने सांगितली होती. ते सगळं टाइप करून संस्थेला पाठवायचं होतं. लखमाबाबा भेटेल तेव्हा विचारायचा, माझं बोलणं पोचलं का रे पुण्याला?

एके सकाळी भगीरथने हिंमत केली. ओटीच्या ज्या खांबापाशी नेटवर्क येतं तिथे फोन बांधला, लॅपटॉप त्याला जोडला आणि अपग्रेड सुरू केलं. रखमी आणि काजल खळ्यावर भाताच्या झोडणीला गेल्या होत्या. मंगळ्या एकेक ओळ वाचत होता. हे पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचं गाठोडं, उतरवलं, ते पॅकेज उघडलं, हे बसवलं. मधून मधून मशीन काही विचारी, भगीरथ ऐकून उत्तर देई. सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना, ऊन डोक्यावर आलं त्या सुमाराला, मंगळ्या एका शब्दाच्या मध्येच थांबला.

भगीरथ थांबला. एखादं मोठं पॅकेज उघडत असेल म्हणून त्याने वाट बघितली. लॅपटॉपचा पंखा भणभणत होता, मग तोही निवला. त्याने नेहमीच्या कळा दाबून आवाज पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला. काही नाही. स्क्रीन रीडर बंद करून चालू करायची आज्ञा त्याने अंदाजाने टाइप केली. ती बरोबर टाइप झाली की चुकली, हे सांगायलासुद्धा आवाज नव्हता. मशीन चालू होतं, हाताला गरम लागत होतं, पडद्यावर नक्की काहीतरी लिहिलेलं होतं, आणि ते काय आहे हे जगातल्या कुठल्याही डोळस माणसाला दिसलं असतं. त्याला मात्र काहीच कळत नव्हतं. इतक्या वर्षांत, आपल्याला दिसत नाही याचं त्याला त्या दुपारी वाटलं तितकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

त्याने फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरून बघितला. फोनला चित्रातली अक्षरं मोठ्याने वाचता येतात, पण ह्या असल्या अक्षरांपुढे त्यानेही हात टेकले. टिंबाच्या जागी काहीच नाही, रेघेच्या जागी भलतंच अक्षर. आणि पॅकेजच्या नावात एक टिंब इकडचं तिकडे झालं तर सगळंच चुकतं. अक्षयला फोन लावला तर त्याने उचलला नाही, ऑफिसात असणार. भगीरथ हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

काजल पाण्याची कळशी भरायला घरी आली, तर नवरा कानात वायर न घालता बसलेला. तिने कळशी खाली ठेवली. काय झालं म्हणून विचारलं.

"आवाज गेला," भगीरथ म्हणाला.

ती जवळ आली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं हायत, खूप हायत, असं तिने सांगितलं. भगीरथ सरकला आणि त्याने तिला शेजारी जागा करून दिली.

"वाचशील?"

"इंग्रजी हाय. मला अर्थ नाय लागायचा."

"अर्थ माझ्याकडे हाय. तू नुसती अक्षरं सांग."

काजलने पदराला हात पुसले आणि ती खाली बसली. कळशी तशीच राहिली. एकेक अक्षर ती सांगू लागली, आधी चाचरत, बोट पडद्यावर ठेवून. टी, एच, ई. मग जागा. एफ, ओ, एल, एल. दोन एल हायत. भगीरथ ती अक्षरं मनात जुळवून शब्द म्हणायचा आणि तिला पुढे जायला सांगायचा. टिंब आलं तर टिंब, आडवी रेघ आली तर रेघ, मोठं अक्षर आलं तर मोठं, काहीही सोडायचं नाही, हे तिने पटकन धरलं. हळूहळू तिची जीभ सुटली. तेच तेच शब्द परत यायला लागल्यावर ती अक्षरं न सांगता अख्खा शब्दच सांगू लागली. 'डिपेंड्स' हा पुन्हा आला, म्हणायची.

पडद्यावरचं सगळं वाचून झालं तेव्हा कुठे काय घडलं होतं ते भगीरथला उमगलं. त्याने ते तिला समजावून सांगितलं. मशीनमधला प्रत्येक प्रोग्रॅम एकटा चालत नाही, त्याला दुसऱ्या कुणाचं तरी सामान लागतं. त्या सामाईक सामानाला लायब्ररी म्हणतात. मंगळ्याला एका लायब्ररीचं तिसरं व्हर्जन लागतं, त्याच्या पुढचं चालणार नाही असं त्याच्या पॅकेजवर लिहून ठेवलंय. नव्या सिस्टमला आणि नव्या स्क्रीन रीडरला त्याच लायब्ररीचं चौथं व्हर्जन लागतं, मागचं चालणार नाही. आणि मशीनमध्ये दोघांतलं एकच राहू शकतं. अपग्रेड या ठिकाणी येऊन अडकलं होतं, अर्धं नवं बसलेलं आणि अर्धं जुनं निघालेलं.

"म्हंजी दोघांचं भांडण हाय?" काजलने विचारलं.

"भांडण नाय गो. दोघांना एकच जागा पायजे."

संध्याकाळी ऑफिसातून घरी जाताना अक्षयने फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ मार्ग सांगितला. मशीन पुसून टाकू, नवी सिस्टम कोरी बसवू, तिच्याबरोबर येतो तो हिंदी आवाज लावू. तो एवढ्या आपुलकीने रविवारी यायला तयार झाला, की भगीरथला नको म्हणवेना. रेकॉर्डिंगं वेगळी काढून ठेवली होती, तेव्हा ती जायची भीती नव्हती. पण फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा पडलेलाच होता. काजलने कारण विचारलं, तेव्हा हिंदी आवाज ळ खातो, असं तो म्हणाला. तिला काही कळलं नाही. मग पहिल्यांदाच भगीरथने तिला आपलं काम दाखवलं. फोनवरून लखमाबाबाचं एक रेकॉर्डिंग लावलं. म्हातारा एका कंदाचं नाव सांगत होता, तो कसा खणायचा, किती पाण्यात उकडायचा. काजल हसायला लागली. हा असा काय म्हणतो, आमच्या सिद्धगडाकडं याला दुसरंच नाव हाय, असं म्हणून तिने ते नाव सांगितलं. भगीरथने तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. तो कंद शब्दकोशात होता, पण त्याचं हे नाव कुणीच आणलेलं नव्हतं. रखमीने चूल पेटवली तरी दोघं ओटीवर कंदांच्या नावांवर बोलत बसले होते.

दुसऱ्या दिवशी झोडणीला जायच्या आधी काजल आपण होऊन मशीनपाशी येऊन बसली. मंगळ्याला कुणी बनवलं असेल ना, त्यालाच विचारू, असं ती म्हणाली. भगीरथला हे सुचलं नव्हतं असं नाही, पण तो आवाज पेनड्राइव्हवरून हातोहात आलेला, त्याचा धनी कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी प्रत्येक पॅकेजवर ते सांभाळणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत असते. एवढ्या वर्षांत त्याने ते कधी उघडून बघितलं नव्हतं. त्याने पॅकेजची माहिती मागवणारी आज्ञा टाइप केली. काजलने ती वाचून दाखवली, एक अक्षर चुकलं होतं ते त्याने दुरुस्त केलं. मग पडद्यावर ओळी आल्या आणि ती एकेक सांगू लागली. मेंटेनरच्या, म्हणजे सांभाळणाऱ्याच्या ओळीवर आली. व्ही, ए, एल, एम, आय, के. जागा. जी, ओ, जे, ए, आर. त्यापुढे ईमेलचा पत्ता. आणि खालच्या ओळीत एक छोटा शब्द होता. एम, यू, आर, बी…

ती थांबली. कालपासून तिने कितीतरी शब्द वाचले होते आणि त्यांतला एकही तिच्या ओळखीचा नव्हता.

"मुरबाड," ती म्हणाली. "अवो, मुरबाड लिवलंय इथं."

वाल्मिक गोजर, मुरबाड. भगीरथने फोनवरून लगेच मेल लिहिला. नमस्कार, मी डोळखांबजवळच्या पाड्यावरचा, पूर्ण अंध, तुमचा आवाज वापरून काम करतो. अपग्रेडमध्ये असं असं झालं. काजलने वाचलेले सगळे शब्द त्याने त्यात जसेच्या तसे घातले. पत्ता अजून चालू असेल याची त्याला खात्री नव्हती. पॅकेजवरची तारीख फार जुनी होती.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. बोलणारा माणूस पन्नाशीच्या आसपासचा वाटत होता आणि पलीकडून कारखान्याच्या यंत्रांची घरघर येत होती. वाल्मिक गोजर मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभालीचा इंजिनिअर होता आणि जेवणाच्या सुट्टीत फोन करत होता. मेल खरा आहे ना, असं त्याने आधी दोनदा विचारलं. मग त्याने हकीगत सांगितली. त्याच्या आईची, अंबूबाईंची, म्हातारपणी नजर गेली होती. तिला पोथ्या वाचायची फार हौस, म्हणून घरी बसून त्याने तो आवाज तयार केला. मिळालेले सुटे भाग जोडत, रोज संध्याकाळी आईला ऐकवत. आई प्रत्येक वेळी म्हणायची, बाकी बरं हाय रे, पण ह्याला ळ येत नाय. ळ जमेपर्यंत तिने त्याला सोडलं नाही. जमला त्या दिवशी तिने अख्खा अध्याय ऐकला. आई गेल्यावर त्याने ते काम बाजूला ठेवलं. कल्याणच्या एका ओळखीच्या सरांना एक प्रत दिली होती, तिचं पुढे काय झालं त्याला माहीत नव्हतं.

"मला वाटलं, आता तो कोणी ऐकत नाय," वाल्मिक म्हणाला.

भगीरथने सांगितलं, की आपण रोज ऐकतो, आणि आपल्या ओळखीची कितीतरी मुलं ऐकतात, शहापूरपासून कल्याणपर्यंत. मग वाल्मिक कामाचं बोलायला लागला. तिसऱ्याच्या पुढचं व्हर्जन चालणार नाही अशी जी ओळ होती, ती त्यानेच खबरदारी म्हणून लिहिली होती. तेव्हा पुढचं व्हर्जन नव्हतंच, ते कसं निघेल काय माहीत, म्हणून. आता ते तपासून बघावं लागेल. त्याने दोन दिवस मागून घेतले. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा सगळे मिळून करू, असं ठरलं. अक्षयलाही भगीरथने कळवलं. पुसायचं नाय ना मग, असं म्हणून तो उलट खूश झाला, आणि तरीही येतो म्हणाला.

रविवारी सकाळी अक्षय मोटरसायकलवरून आला. त्याने बसता बसता लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग शेजारी बसलेल्या काजलकडे बघून, काय वाटलं कुणास ठाऊक, तो परत तिच्याकडे सरकवला. वहिनी तुमीच वाचा, तुमाला सगळं ठावं हाय, असं म्हणून तो फोन धरायला खांबापाशी जाऊन उभा राहिला. फोनवर वाल्मिक होता. भगीरथ टाइप करत होता. काजल वाचत होती. रखमी नुसती बघत होती.

वाल्मिकने नवं पॅकेज पाठवलं होतं, त्यात ती मर्यादेची ओळ बदललेली होती. पण तेवढ्याने भागण्यासारखं नव्हतं. अर्धवट राहिलेलं अपग्रेड आता भलत्याच क्रमाने पुढे जायला बघत होतं. वाल्मिकने एक सावधगिरी सांगितली. खरी आज्ञा द्यायच्या आधी तीच आज्ञा लुटुपुटीची देऊन बघायची, म्हणजे मशीन काही करत नाही, फक्त काय करणार ते सांगतं. काय बसवणार, काय बदलणार, काय काढून टाकणार. काढून टाकायच्या यादीवर नजर ठेवा, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्या यादीच्या डोक्यावरचा शब्द कसा दिसतो ते काजलने अक्षयकडून विचारून घेतलं.

पहिल्या खेपेला त्या यादीत अर्धी सिस्टमच निघाली. क्रम बदलला. आधी लायब्ररी, मग आवाज आणि स्क्रीन रीडर यांच्यातला दुवा, मग आवाज. दुसऱ्या खेपेला यादी आखूड झाली. तिसऱ्या खेपेला काहीच काढायचं नाही असं आलं आणि सगळे सुटकेने हलले. भगीरथने खरी आज्ञा दिली. मशीनने काही ओळी टाकल्या आणि हो का नाही, असं विचारून ते थांबलं. आता काय असणार असं समजून अक्षय फोनमध्ये वाल्मिकला झालंच म्हणून सांगत होता. भगीरथचं बोट 'हो'साठीच्या 'वाय'वर गेलं.

"थांबा."

काजलने त्याचं मनगट धरलं होतं. काढायच्या यादीत पुन्हा एक नाव आलंय, असं ती म्हणाली. तिने ते अक्षरं लावून सांगितलं. ते स्क्रीन रीडरचं नाव होतं. लुटुपुटीच्या वेळी टाइप केलेलं एक नाव खऱ्या आज्ञेत टाकायचं राहून गेलं होतं. आवाज न ऐकता टाइप करताना भगीरथकडून ते सुटलं होतं आणि फोनच्या नादात अक्षयचंही तिकडे लक्ष नव्हतं. वाय दाबलं असतं, तर मंगळ्या आला असता, पण पडद्यावरचं उचलून त्याच्या तोंडी देणारा कुणी उरला नसता. भगीरथने नाही म्हणून उत्तर दिलं. आज्ञा पुन्हा टाइप केली. काजलने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. यादी रिकामी होती. वाय.

मशीन बराच वेळ घरघरत राहिलं. अक्षय ओटीवरून खाली उतरून येरझारा घालू लागला. रखमीने सगळ्यांना कोरा चहा दिला. मग काजलने सांगितलं, की पडद्यावर शेवटच्या ओळीत फक्त एक चौकोन लुकलुकतोय, म्हणजे काम संपलं होतं. बंद करून पुन्हा चालू केलं. भगीरथने वायर काढून टाकली होती, त्यामुळे जे काही येणार ते सगळ्यांना ऐकू जाणार होतं.

चोंदलेल्या नाकातून मंगळ्या म्हणाला, "स्क्रीन रीडर चालू आहे."

रखमी म्हणाली, "आला गो बाय."

अक्षय हसायला लागला. भगीरथने घाईघाईने लखमाबाबाच्या शब्दांची फाइल उघडली आणि मंगळ्या वाचू लागला. पळस. खळा. मोळी. काळवीट. प्रत्येक ळ ठणठणीत. वाचता वाचता भगीरथला आठवलं, की फोन अजून चालूच आहे. त्याने हाक मारली. अक्षयने फोन कानाला लावला आणि हळूच भगीरथच्या हातात दिला.

"जरा चालू राहू द्या," वाल्मिक एवढंच म्हणाला. "लय दिसांनी ऐकतोय."

मग मंगळ्या बराच वेळ शब्द वाचत राहिला.

लखमाबाबाचं बोलणं पुण्याला पोचलं. काजलचं कंदाचं नावही त्याच्या खाली गेलं, सिद्धगडाकडची बोली म्हणून. संस्थेने तिकडच्या बोलीसाठी तिलाच विचारायला सुरुवात केली. पण भगीरथला एवढ्याने चैन पडेना. आभार फोनवर मानून होत नाहीत, असं तो म्हणाला. पौषात दोघं मुरबाडला निघाली. रखमीने नव्या तांदळाची पिशवी बांधून दिली आणि वाल्मिकचं नाव ठाऊक असूनही, त्या मंगळ्याच्या बापाला दे, असं बजावलं. लॅपटॉप वाल्मिकला दाखवायला बरोबर घेतला होता. शहापूरहून एसटीने किन्हवली, सरळगाव करत ती मुरबाडला उतरली.

वाल्मिक स्टँडवर न्यायला आला होता. घरात अंबूबाईंचा फोटो होता. काजलने तो कसा आहे ते भगीरथला सांगितलं, बारीक चणीच्या, कपाळाला मोठं कुंकू, रागावल्यासारख्या बघतायत. वाल्मिक म्हणाला, ळ येत नव्हता तेव्हा अश्शाच बघायच्या. जेवणं झाल्यावर त्याने आवाजाची नवी आवृत्ती दाखवली. आता तो ती दर वर्षी काढणार होता आणि ज्याला हवी त्याला मिळेल अशा ठिकाणी ठेवणार होता. प्रत्येक आवृत्तीबरोबर काय बदललं आणि कुणी मदत केली ते लिहितात. तिथे त्याला काजलचं नाव घालायचं होतं. काजल म्हणून लिहू ना, असं त्याने विचारलं. ती लाजली. कागदावर काजल हाय, पण घरात समदी काजळच म्हणतात, असं तिने सांगितलं. वाल्मिकने काजळ लिहिलं आणि मंगळ्याकडून वाचून घेतलं. अक्षर न् अक्षर वाचून अडचण सोडवल्याबद्दल काजळ आगिवले यांचे आभार. काजल पदर तोंडाला लावून हसत राहिली. भगीरथला ते हसणं ऐकू येत होतं. या बाईने कळशी बाजूला ठेवली नसती तर, असा विचार त्याच्या मनात आला. त्याने चाचपून तिचा हात शोधला आणि धरला.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. काजल खिडकीशी बसली होती, लॅपटॉपची पिशवी तिच्या मांडीवर होती. सरळगाव मागे पडल्यावर भगीरथने तिला विचारलं, की तुला टाइप करायला शिकायचंय का. तिकडच्या बोलीचं काम येईल ते तिचं तिलाच करता येईल. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. तिने लॅपटॉप मांडीवर उघडला. भगीरथने तिची बोटं कळांवर नेऊन ठेवली आणि डोळे मिटायला सांगितलं.

"मिटले," ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "दोन कळांवर काय तरी टोचतंय बारीक."

"ती खूण हाय, न बघता बोटं कुठं ठेवायची त्याची. तिथनंच सुरुवात करायची," भगीरथ म्हणाला.